चुकेल त्यानं धुवायचं

आमच्या प्रयोगशाळेत धूळ साचू द्यायची नाही, बुरशी येऊ द्यायची नाही, असे नियम होते. किस्से साचू द्यायचे नाहीत, असा नियम कुणी केला नाही. त्यामुळे ते साचत गेले. आता जुनी मंडळी भेटली की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो लिंबाच्या वासाचा किस्सा सांग ना!" मग संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

प्रयोगशाळा कसली, चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या मागची एक लांबट खोली होती ती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माणसं चारच. रामटेके सर आमचे प्रमुख. शबाना त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती, तिचे अब्बा बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. धानोऱ्याकडचे मडावीभाऊ लॅब अटेंडंट. आणि चिमूरहून आलेला, नुकताच लेक्चरर झालेला मी.

बॅक्टेरियाच्या अंगाभोवती एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून फॉस्फेट आणि धातू आत कसे येतात, एवढंच सर आयुष्यभर शोधत होते. नातेवाइकांना हे सांगून पटत नसे. सरांचे एक साळे तर लग्नात सगळ्यांना सांगत, "आमचे भाऊजी जंतूच्या पडद्याचं काम करतात." ऐकणाऱ्याला वाटायचं, सरांचं पडद्यांचं दुकान आहे!

* * *

मी रुजू झालो त्या दिवशी खोलीत शिरलो तर एक पांढऱ्या केसांचा माणूस ॲप्रन घालून सिंकपाशी फ्लास्क धूत होता आणि दुसरा एक माणूस स्टुलावर बसून चहा पीत होता. मी चहा पिणाऱ्याला वाकून नमस्कार केला. तो ताडकन उठला. ते मडावीभाऊ होते. धुणारे ते सर!

मी ओशाळलो. म्हटलं, "सर, द्या इकडे, मी धुतो."

सरांनी विचारलं, "या प्रयोगात तुमचा अंदाज काय होता?"

"मी अंदाज केलाच नाही, सर. मी आजच आलो."

"मंग तुमाले धुवाचा अधिकार नाई!"

तो त्या खोलीतला सगळ्यात मोठा नियम होता. प्रयोग लावण्याआधी प्रत्येकानं फळ्यावर नावापुढे आपला अंदाज लिहायचा. प्रयोग संपला की ज्याचा अंदाज चुकला, त्यानं त्या प्रयोगाचं सगळं काचसामान धुवायचं. विद्यार्थी असो, अटेंडंट असो की प्रमुख असो, सूट कुणालाच नाही.

आणि ते धुणं साधं नव्हतं. आधी काचसामान ॲसिडच्या टबात भिजत ठेवायचं, मग रबरी हातमोजे घालून एकेक भांडं काढायचं आणि डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुन्हा खंगाळायचं. सर मोठे अंदाज करणारे, म्हणून त्यांची पाळी सगळ्यात जास्त यायची. सरांची बायको, म्हणजे आमच्या बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. एकदा डबा द्यायला आल्या आणि सरांना सिंकपाशी बघून दारातच थांबल्या.

"घरी एक कप नाई धुतला या माणसानं!"

सर मागे न बघता म्हणाले, "घरी माह्या अंदाज कुठी चुकते?"

बाई म्हणाल्या, "घरी तुमाले अंदाज करू कोन देते?"

* * *

आमचे बॅक्टेरिया घुग्घुसकडचे. तिथे कोळशाच्या खाणीच्या खाली एक नाला होता, काळपट आणि वर तवंग. सर स्कूटरवरून जायचे आणि मागे बाटल्यांची पेटी धरून मी. रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ अशी, की परत येईपर्यंत दोघंही सिमेंटचे पुतळे.

एकदा शिफ्ट सुटली होती. मोटरसायकलवरचे दोन कामगार आम्हाला नाल्यात वाकलेलं बघून थांबले.

"साहेब, हे पानी काऊन भरून राह्यले? इथलं पानी ढोरंही नाई पीत."

"म्हनूनच," सर म्हणाले.

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आम्ही निघालो तसा मागून आवाज आला, "साहेब, घरी कोनी आहे का तुमाले पाहाले?"

त्या पाण्यात जस्त फार होतं. बहुतेक जीव तेवढ्या जस्तानं मरतात. त्यात जे जगले, त्यांतला सातव्या क्रमांकाचा बॅक्टेरिया सगळ्यात चिवट निघाला. त्याचं नाव आम्ही 'सात' ठेवलं. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं आम्ही त्याच्याबद्दल बोलायचो. "सात कशी आहे?" "सात आज सुस्त आहे." बॅक्टेरियाला स्त्रीलिंगी का, हे शबानाला विचारलं तर ती म्हणाली, "एवढं सहन करून राह्यली, मंग कोन असन?"

* * *

सर हा विषय कसा शिकवायचे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ते म्हणायचे, पडद्याला फॉस्फेटसाठी दोन दारं असतात. एक ढिलं दार. बाहेर फॉस्फेट भरपूर असलं की हेच दार चालतं. या दारातून फॉस्फेट एकटं येत नाही, एखाद्या धातूचा हात धरून येतं. त्याच्यासोबत जस्तही आत घुसतं, आणि फॉस्फेटसारखं दिसणारं विषसुद्धा. दुसरं दार कडक. बाहेर फॉस्फेट संपत आलं, पेशी उपाशी पडली, की ती हे दार उघडते. त्यातून निवडून फक्त फॉस्फेट आत येतं. पण हे दार चालवायला पेशीला पदरची ताकद मोजावी लागते.

एका वर्षी वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, हे उलटं नाही का? उपाशी माणूस तर मिळेल ते खातो."

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांचं बालपण सावलीकडच्या एका खेड्यात गेलं होतं. आई भाताच्या रोवणीच्या कामाला जायची आणि पावसाळ्यात घरात काही नसायचं, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं.

"माणूस खाते, बेटा," सर म्हणाले. "मी खाल्लं आहे. बॅक्टेरिया नाई खात."

त्या दिवशी पुढे तास झालाच नाही. पण ती मुलगी तो विषय जन्मात विसरली नसेल. मीही नाही.

* * *

आता लिंबाचा वास.

शबानाचा प्रयोग साधा होता. फॉस्फेट अजिबात नसलेल्या पाण्यात सातला ठेवायचं आणि ती किती उपाशी राहते ते बघायचं. फळ्यावर सगळ्यांनी लिहिलं, 'वाढणार नाही.' दुसऱ्या दिवशी बघतो तर फ्लास्क दुधासारखा गढूळ! सात मस्त वाढलेली!

फॉस्फेटशिवाय जगणारा जीव जगात नाही. आणि तो आमच्या चंद्रपुरात सापडला! शबानानं प्रयोग पुन्हा लावला. पुन्हा गढूळ. मी तर मनातल्या मनात परदेशच्या कॉन्फरन्सला जाऊन भाषण करून आलो होतो. शबानानं अब्बांना सांगितलं, अब्बांनी सगळ्या बाजाराला सांगितलं.

मधेच नागपूरला गेलेले सर परत आले. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला, हलवला, मग नाकाशी नेला.

"शबाना, तुह्या बॅक्टेरियाले लिंबाचा वास येऊन राह्यला."

झालं होतं असं, की दिवाळी जवळ आलेली म्हणून मडावीभाऊंनी प्रेमानं सगळं काचसामान कपड्यांच्या साबणाच्या पावडरनं चकाचक घासून ठेवलं होतं. आणि लिंबाच्या वासाच्या त्या पावडरमध्ये फॉस्फेटच फॉस्फेट! सात उपाशी नव्हतीच. ती जेवत होती.

मडावीभाऊंचा चेहरा उतरला. "सर, मले वाटलं, सणाचं..."

सर म्हणाले, "तुमी सगळ्याइचा सण केला भाऊ, तिचा कसा नाई करान?"

त्या दिवसापासून खोलीत साबणावर कायमची बंदी आली. सिंकवर मोठ्या अक्षरांत पाटी लागली, 'इथे साबण लावू नये.' बाहेरून येणारा माणूस ती पाटी वाचून आमच्याकडे जरा संशयानं बघायचा.

* * *

तसाच एक घोळ डिस्टिल्ड वॉटरचा. आमचं पाण्याचं यंत्र जुनं, तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. एका उन्हाळ्यात सगळे बॅक्टेरिया मरायला लागले. चांगलेही आणि वाईटही. शबानाचे अब्बा सहज तिला न्यायला आले होते. त्यांनी यंत्राच्या आत डोकावलं.

"सर, ये तो अंदर से पूरा तांबा दिख रहा. यही पानी पिलाते क्या अपने जानवरों को?"

ते बॅक्टेरियाला शेवटपर्यंत 'जानवर'च म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ते भाता, कथील, नवसागर सगळं घेऊन आले आणि कॉलेजच्या मागे भट्टी पेटवली. प्राचार्य धूर बघून धावत आले. कल्हई अशी झकास झाली, की आत तोंड दिसावं!

नवीन पाण्याचा प्रयोग लागला. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'जगतील.' मग खडू अब्बांपुढे केला. अब्बांनी खूप आढेवेढे घेतले आणि उर्दूत लिहिलं, 'जिएंगे.'

दुसऱ्या दिवशी सगळे मेलेले!

का मेले, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर काचेचं यंत्र आलं आणि प्रश्न संपला. पण त्या दुपारी सर आणि अब्बा सिंकपाशी शेजारी शेजारी उभे राहून काचसामान धूत होते. अब्बा हळूच सरांना म्हणाले, "सर, मेरी कल्हई में जानवर मर गए, ये बात बाजार में मत बोलना!"

सरांनी ती बात खरंच कुणाला सांगितली नाही. मीच पहिल्यांदा सांगतोय, आणि तीही अब्बा गेल्यावर.

* * *

सगळे अंदाज एकीकडे आणि सर-शबानाचा वाद एकीकडे.

एवढ्या जस्तात सात जगते कशी? सरांचं म्हणणं, जस्त आत येतं, पण सातजवळ पंप आहे. ती ते बाहेर फेकते. सरांनी हे कित्येक वर्षं शिकवलं होतं, दोन परिषदांत मांडलं होतं. शबानाचं म्हणणं, पंपबिंप काही नाही. सातचं ढिलं दारच बंद आहे. ती कायम उपाशी असल्यासारखी फक्त कडक दारावर जगते, त्यामुळे जस्त मुळात आत येतच नाही.

"जन्मभर ताकद खर्चून कोन जगन?" सर विचारायचे.

"सर, तुमी नाई जगले?" शबाना म्हणाली.

सरांनी तिच्याकडे बघितलं आणि खडू घेतला. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'रामटेके: पंप. शबाना: दार.' भोवती चौकट काढली. "हे पुसाचं नाई कोनी. याचा निकाल लागन तवाच."

निकाल लावायची युक्ती सोपी होती. पाण्यात जस्त टाकायचं, लगेच थोड्या पेशी गाळून घ्यायच्या, मग थोड्या थोड्या वेळानं आणखी. पंप असेल तर पेशीतलं जस्त आधी वर चढेल आणि मग उतरेल. दार बंद असेल तर रेष तळाशी सरळ आडवीच राहील. जस्त मोजायचं यंत्र नागपूरला एका संस्थेत होतं. तिथे नंबर लागायचा होता, तो उन्हाळ्यानंतर लागणार होता. आणि शबानाच्या पीएच.डी.ची मुदत त्याच वर्षी संपत होती. हा प्रयोग झाला नाही तर शेवटचं प्रकरण नाही, आणि प्रकरण नाही तर पदवी नाही. सगळी वर्षं पाण्यात.

* * *

त्याच सुमारास सरांच्या पायांवर सूज दिसायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिस सुरू झालं.

आम्ही भेटायला गेलो, तर बाई डॉक्टरांनी दिलेला कागद वाचून दाखवत होत्या. दूध बंद. डाळ कमी. शेंगदाणे बंद. का, तर किडनी काम करत नसली की रक्तात फॉस्फेट साचतं.

सर खाटेवर टेकून बसले होते. ते हसायला लागले. हसता हसता धाप लागली.

"पाहा ना! जन्मभर फॉस्फेट आत कसं जाते, थे शोधलं. बाहेर कसं काढाचं, थे राह्यलंच!"

आम्ही कुणीच हसलो नाही. शबाना तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली.

नंतर तिचा नियमच झाला. सरांना एसटीनं नागपूरला न्यायला बाईंना सुटी मिळाली नाही, तर शबाना जायची. मशीन चालू असताना ती बाजूला बसून प्रकरणं वाचून दाखवायची आणि सर डोळे मिटून दुरुस्त्या सांगायचे. एकदा तिथल्या नर्सनं विचारलं, "तुमची मुलगी का?"

सर म्हणाले, "नाई, माही विरोधक आहे."

* * *

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे एक पद्धत होती. चंद्रपूरचा मे महिना, त्यात लोडशेडिंग. शहराच्या उशाला एवढं मोठं वीज केंद्र, आणि आम्ही अंधारात! फ्रिजचा भरवसा नाही म्हणून प्रत्येकानं सातची एक नळी आपापल्या घरी न्यायची. कुठेतरी एक तरी वाचेल.

त्या मे महिन्यात सर गेले.

घरी बुद्धवंदना झाली. आम्ही चौथ्या माणसाशिवाय तिघं एका रांगेत बसलो होतो. बाई रडत नव्हत्या. शबानाचे अब्बा मात्र लहान मुलासारखे रडले.

जून लागल्यावर खोली उघडली. फ्रिजची मोटर जळून गेली होती. आतल्या सातच्या सगळ्या नळ्या वाळून खडखडीत. माझी चिमूरची नळी काढली, तर तिच्यात मुंग्या. मडावीभाऊंनी धानोऱ्याला रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवली होती, तिच्यावर हिरवी बुरशी. शबानाच्या अम्मीनं फ्रिज साफ करताना जुनं औषध समजून नळी फेकून दिलेली.

उरली ती सरांच्या घरची.

"नाई," शबाना म्हणाली. "आता नळी मागाले जाऊ मी बाईकडे? महिना तरी झाला का?"

मी म्हटलं, "तुझी पीएच.डी. जाईल."

"जाऊ द्या."

आम्ही नवीन सात शोधायला घुग्घुसला जायचं ठरवत होतो. नाल्यात ती पुन्हा सापडेल याची खात्री नव्हती. तेवढ्यात एका सकाळी बाईच आल्या. हातात स्टीलचा डबा. त्यात ओलं फडकं आणि फडक्यात ती नळी.

"लाईट गेली का माठाच्या बुडाशी ठेवत होती मी," बाई म्हणाल्या. "आली का परत फ्रिजात. यायनं सांगून ठेवलं होतं, माहं काहीही होवो, हिले तपू देऊ नको."

शबानानं नळी घेतली. दोन्ही हातांत धरून ठेवली. शेवटी मडावीभाऊंनीच विचारलं, "बाई, त्या दिवशीही?"

"त्या दिवशीही," बाई म्हणाल्या.

सात जिवंत होती. दुसऱ्या दिवशी प्लेटवर तिच्या पांढऱ्या टिकल्या दिसल्या आणि मी खोलीबाहेर जाऊन मनसोक्त रडलो.

* * *

नागपूरचे आकडे आले. शबानानं आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि पट्टी न घेता जोडले. पट्टीची गरजच नव्हती. रेष सरळ होती. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सरळ.

म्हणजे दार.

तिनं प्रयोग पुन्हा करून बघितला. मला वाटतं, आपण चुकावं अशी प्रार्थना करत केला असावा. पुन्हा सरळ. तिची पदवी आता नक्की होती. मी "अभिनंदन" म्हटलं, तर ती माझ्यावरच खेकसली. सरांनी जे आयुष्यभर शिकवलं, ते तिनं त्यांच्यामागे खोटं ठरवलं होतं.

प्रयोगाचं काचसामान ॲसिडच्या टबात पडून राहिलं. फळ्यावरची चौकट तशीच होती आणि पाळी कुणाची, ते त्यात लिहिलेलं होतं. मडावीभाऊ एकदा म्हणाले, "मी धुवून टाकतो."

शबाना म्हणाली, "नको भाऊ. तुमचा अंदाज कुठी होता?"

आठवडा गेला. नवा प्रयोग लावायचा तर काचसामान नाही. आणि टबाला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

अशात एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई आल्या. "म्हटलं, थे नळी कामी पडली का नाई, पाहून येतो."

"पडली, बाई," मी म्हटलं.

बाई फळ्यापाशी गेल्या. चौकटीतलं सरांचं अक्षर त्यांनी वाचलं. मग विचारलं, "मंग कोन बरोबर निघालं?"

मी मडावीभाऊंकडे बघितलं, मडावीभाऊंनी खिडकीकडे. शबाना खाली मान घालून उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "दार."

बाईंनी खांद्यावरची पर्स स्टुलावर ठेवली. पदर कमरेला खोचला. सिंकवरच्या खिळ्याला सरांचे हातमोजे लटकत होते, ते काढून हातात घातले. त्यांना ते मोठे होत होते.

टबापाशी जाऊन त्यांनी मागे वळून शबानाला विचारलं,

"साबन नाई ना लावत इथी?"